चौथा रकाना

मी वाडीतून निघाले तेव्हा आमच्या तट्टाला निघायची मुळीच इच्छा नव्हती. माझ्या अंगावर नवं लुगडं, मागं भांड्यांचं गाठोडं, त्यावर घडी घातलेली दोन घोंगडी, आणि तट्टू वेशीपाशी उभं राहिलं ते राहिलंच. ह्यांनी ओढलं, धाकट्या सोपाननं ढकललं, ते कान पाडून उभंच. बायका रडायचं विसरून हसायला लागल्या. मायचे डोळे वाहत होते आणि तोंडात पदर कोंबून ती हसतही होती. शेवटी बा पुढं आला, तट्टाच्या मानेवर थाप मारली, आणि लबाड लगेच चालायला लागलं. चार पावलं माझ्याबरोबर चालत बा म्हणाला, "गिरजे, नाव राख. मानूस मागून जातंय, नाव आदी पोचतंय." मी मान हलवली. सोळा वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? मला वाटलं, सासरी भाकरी करपू देऊ नको, एवढंच तो सांगतोय.

सोपान, तुझी सून मला दर पत्रात विचारते, आत्याबाई, तुम्ही वाडी सोडून परक्या मुलखात कशा रमलात? तिच्यासाठी हे लिहायला बसले. आणि आपल्यातले जे कोण पोटापाठी बाहेर पडले, कुणी पुण्याला, कुणी माझ्यासारखे हैदराबादेला, त्यांनीही वाचावं. इतकी वर्षं इथं काढून माझ्या बोलण्यात 'हौ' आणि 'नक्को' शिरलंय, भाकरीबरोबर खट्टी दाळ लागते. लिहिताना हात शुद्ध लिहायला बघतो, तोंड मात्र अजून भेंडवाडीचंच हाय.

तर आमचे हे. आपल्यासारखेच मेंढक्याच्या घरातले, पण पाथरीच्या शाळेत चार बुकं उर्दू शिकलेले. त्या जोरावर सरकारी सलोत्री दवाखान्यात कंपौंडर झाले. निजामाच्या राज्यात जनावरांच्या डॉक्टरला सलोत्री म्हणत. दवाखाना होता आपल्या वाडीपासून एका दिवसाच्या वाटेवर, रेल्वेच्या गावी. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना राग लवकर येतो.

दवाखान्याच्या आवारातच आमची दीड खोली होती. समोर लिंबाचं झाड, त्याखाली जनावर उभं करायचा लाकडी खोडा, पलीकडं साहेबांची खोली. मला जागा आवडली. मेंढरांचा वास होताच, त्यामुळं माहेर फार लांब वाटेना. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले आणि एकीनं विचारलं, कुणाच्या घरची गं तू? मी ऐटीत सांगितलं, सरकारी दवाखान्यातली. तिनं आपली घागर उचलून चार हात लांब ठेवली. दुसरी म्हणाली, "आगं, तितं जनावर पायानं जातंय आन् कातड्यानं येतंय." सगळ्या हसल्या. मी घागर भरून परत आले आणि ह्यांच्यावर उगाच डाफरले.

साहेब, म्हणजे आमचे सलोत्री, हैदराबादकडचे मुसलमान गृहस्थ. शेळी आली तरी शेरवानीच्या बाह्या वर करून जमिनीवर बसायचे, तिचं डोकं मांडीवर घ्यायचे, आणि माणसाला विचारावं तसं तिला विचारायचे, क्या हुआ अम्मा? असा हात मी पुढं माणसांच्या डॉक्टरातही पाहिला नाही. 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' म्हणतात ना, इथं सगळं उलटं. हाती सोनं होतं आणि नाव कथलाबाई पडलेलं.

त्यात वरून हुकूम आला. प्रत्येक दवाखान्यानं दर बाजाराच्या दिवशी फाटकावर फळा लावायचा आणि त्या हप्त्यात आलेल्या प्रत्येक जनावराचं लिहायचं. तीन रकाने. कुठल्या गावचं, कोणतं जनावर, आणि बरं झालं की मेलं. लोकांना कळावं सरकार काय काम करतंय, म्हणून हा फळा. उर्दूत हे लिहायचे, मराठीत लिहायलाही हेच, आणि ह्यांचं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढलेले. मी बाजूला उभी राहून बघायची आणि विचारायची, हे काय, ते काय. अक्षरं मी त्या फळ्यावर शिकले. पोरं 'ग गणपतीचा' शिकतात, मला पहिला शब्द आला तो 'मेलं'. सगळ्यात जास्त वेळा तोच असायचा.

बाजाराला आलेली माणसं फळ्यापुढं थांबायची. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचायचा आणि तिसऱ्या रकान्यापाशी आवाज चढवायचा. मेलं, बरं झालं, मेलं, मेलं. 'बरं झालं' कुणाच्या कानात राहत नसे. आधी नुसती कुजबुज होती, आता सरकारी शिक्क्यानिशी पुरावा झाला. साहेब बिचारे पान चघळत खिडकीतून बघत राहायचे.

आणि आपला नागूमामा! तुझ्या सुनेला सांग, सोपान, हा आपल्या वाडीतला म्हातारा, जनावरांना डाग द्यायचा. तापलेल्या विळ्यानं पोटावर चार रेघा ओढायच्या, वर झाडपाला, आणि कानात मंतर. दहा गावांत त्याचं नाव. त्याच्याकडं फळा नव्हता. जे जगलं त्याचा डंका तो स्वतः पिटायचा, आणि ज्याचं काही खरं नाही असं दिसलं, त्याच्या धन्याला सांगायचा, आता सरकारी दवाखान्यात न्या. मरायचं ते आमच्या अंगणात येऊन मरायचं. मामाच्या हातून कधी काही मेलंच नाही!

हे तेव्हा मला कळलं नव्हतं. कळलं ते बामुळं.

आपल्यात चाल आहे, लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. माझी थोरली झाली, सात महिन्यांची झाली, आणि मी रोज वाट बघायची की बा कधी येतो. पाण्याचा तांब्या चिंच लावून घासून ठेवलेला. पहिलं पाणी त्यालाच त्यात द्यायचं असं मनात धरलं होतं. हसू नका. ज्यांनी गाव सोडलंय त्यांना कळेल. मांडव माहेरी असतो, पण आपलं घर झालं असं वाटतं ते बाप येऊन पाणी पितो त्या दिवशी.

एका सकाळी बा आला. पण पाणी प्यायला नव्हे, तट्टावर हिरा होता. हिरा म्हणजे बाचा एडका, गळ्यात पितळी घंटा, सगळा कळप त्याच्या मागं चालायचा. आता जीभ बाहेर आलेली, पोटावर डागाच्या चार रेघा, त्याही पिकलेल्या. साहेब दुपारपर्यंत त्याच्याजवळून उठले नाहीत. ह्यांनी नळ्यानं औषध पाजलं, मी गरम पाण्याची फडकी देत राहिले. दुपारी हिरा गेला.

मी तांब्या घेऊन बाहेर आले. बा घंटा सोडून घेत होता. त्यानं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"लोक म्हनत्यात ते खोटं न्हाई, गिरजे. ह्या आंगनातलं पानी मला नगं."

पोरीला हात न लावता तो गेला. तट्टू या खेपेला लगेच चाललं. मी तांब्या हातात घेऊन उभी, आणि लय रडले. रागानं रडले, दुःख नंतर आलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी फळा लिहायचा होता. हिऱ्याचं लिहायची ह्यांची हिंमत होईना. सासऱ्याचा एडका, वर 'मेला' लिहायचं! खडू माझ्या हातात देऊन म्हणाले, तूच लिही. मी म्हटलं, लिहिते, पण तुमच्या वहीत आणखी काय काय असतं ते आधी वाचून दाखवा. साहेबांची वही मोठी टापटिपीची. जनावर कधीपासून आजारी आहे हेही ते विचारून टिपून ठेवायचे. हे वाचत गेले. बरा झालेला बैल, दोन दिवसांनी आणलेला. बरी झालेली शेळी, एक दिवसानं. मेलेली गाय, नऊ दिवसांनी, डाग दिलेली. मेलेला गोऱ्हा, अकरा दिवसांनी, डाग दिलेला. आणि हिरा, बारा दिवसांनी. बारा दिवस बानं नागूमामाच्या नादी घालवले आणि तेरावा दिवस आमच्या माथी मारला. मला अस्सा राग आला म्हणून सांगू! माझा बा, मेंढराच्या खोकल्यावरून ढग ओळखणारा माणूस, त्यानं बारा दिवस काढले!

फळ्याला उजवीकडं थोडी जागा होती. मी उभी रेघ ओढली आणि चौथा रकाना केला. वर लिहिलं, 'किती दिवसांनी आणलं'. मग एकेक जनावर उतरवलं. शेवटची ओळ अशी होती: भेंडवाडी, एडका, मेला, बारा दिवस. माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात.

हे फळा बघून पांढरे पडले. सरकारी हुकमात तीन रकाने, आणि कंपौंडरच्या बायकोनं चौथा काढला. पुसायला फडकं घेतलं तोच साहेब दारात.

"बेटी, ये चौथा खाना किसके हुकूम से बनाए जी?"

मी म्हटलं, माझ्या. हे माझ्या मागून खुणा करत होते, गप बस, गप बस. साहेबांनी चष्मा पुसला, सगळा फळा वरून खाली वाचला, पुन्हा वाचला, आणि पोट धरून हसायला लागले. माणूस इतकं हसतो हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, राहू दे.

दुसऱ्या दिवशी बाजारात वाचणाऱ्यानं नेहमीसारखं सुरू केलं. मेलं म्हणून आवाज चढवला, आणि पुढचा रकाना आला. नऊ दिवस. मेलं, अकरा दिवस. बरं झालं, एक दिवस. लोक वळून त्या त्या गावच्या माणसांकडं बघायला लागले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बैल गेला आन् झोपा केला!" आणि जो हशा पिकला! नऊ दिवसांच्या गावचा माणूस तिथंच उभा होता, तो हळूच सटकला. बाजार उठेपर्यंत गावागावांची चेष्टा सुरू.

पुढच्या हप्त्यापासून रांग लागली. एक आजीबाई शेळी घेऊन आली, शेळी फक्त शिंकली होती. एका पाटलानं म्हैस आणली, सकाळी वैरणीला तोंड लावेना म्हणून. म्हशीला काही झालं नव्हतं, माजावर आली होती. साहेब त्याला म्हणाले, दवा नहीं पाटील, दूल्हा होना! पाटलानं फाटकावर पुन्हा पुन्हा सांगितलं, माझं गाव लिवा, येक दिवस लिवा.

एक गोष्ट मात्र अशीही झाली. एक कालवड पहिल्याच दिवशी आणलेली, ती मेली. हे म्हणाले, या ओळीतला दिवस नको लिहायला, आत्ता कुठं नाव सुधारतंय. साहेब ह्यांच्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे रागावले. मी लिहिलं: कालवड, मेली, एक दिवस. बाजारात ते वाचलं गेलं तेव्हा मी खिडकीतून कान लावून होते. एक म्हातारा शेजारच्याला सांगत होता, हे खोटं लिवत न्हाईत रे, न्हाईतर हे कशाला लिवलं असतं? मला वाटतं त्या दिवशी दवाखान्याला खरं नाव मिळालं.

पण माझं काय? भेंडवाडीची 'बारा दिवसवाली वाडी' झाली. पाथरीच्या बाजारात आपली माणसं दिसली की लोक बोटांवर बारा मोजायचे. मायनं कुणाबरोबर तरी निरोप धाडला, बा लय चिडलाय, तुझं नाव काढू देत न्हाई. मला जेवण जाईना. हे म्हणाले, एवढं मनाला लागत असेल तर पुढच्या वेळी वाडीचं नाव वगळू. मी म्हटलं, जे झालंय ते लिहिलंय. तोंडानं म्हटलं खरं, आत जीव तुटत होता. बानं निघताना एकच सांगितलं होतं, नाव राख, आणि मी बाजारात टांगून आले होते. घासलेला तांब्या फडताळात पालथा होता.

पाऊस उघडल्यावर एका बाजाराच्या दिवशी, ऊन वर यायच्या आत, स्टेशनाकडच्या रस्त्यावर धूळ उठली. मग घंटा ऐकू आली. ती घंटा मी हजारांत ओळखीन. पुढं नवा एडका, हिऱ्याची घंटा घातलेला, त्यामागं बा, त्यामागं आपला अख्खा कळप, आणि सगळ्यात शेवटी सोपान, तू. तुला आठवत असेल, तुझं पायताण तुटलं होतं आणि ते काखेत मारून चालत होतास. बाजारातली माणसं आपापली पालं सोडून बघायला आली.

बा फाटकाच्या बाहेरच थांबला. फळ्याकडं बघितलं. अक्षर त्याला येत नव्हतं, पण वाडीचं नाव कुठं लिहिलेलं असायचं ते त्याला कुणीतरी दाखवलं असावं. हे पुढं होऊन हात जोडून विचारायला लागले, मामा, किती आजारी आहेत?

"येकबी न्हाई."

मग एवढी कशाला आणली, असं ह्यांनी घाबरत घाबरत विचारलं.

"माज्या वाडीवर बारा दिवस लिवलं व्हतं न्हवं? आता लिवा, जावईबापू. भेंडवाडी, समदा कळप, पूज्य दिवस. आन् तिनंच लिवायचं. तिनं घालवलंय, तिनंच भरून द्यावं."

पूज्य म्हणजे शून्य. मी दारात उभी. हसावं का रडावं कळेना. साहेब बाहेर आले, बासमोर उभे राहिले, आणि वाकून सलाम केला. मग म्हणाले, आलाच आहात तर रिकामं पाठवत नाही, पावसाळ्यानंतर मेंढरांच्या पोटात जंत होतात, सगळ्यांना औषध पाजू. मोरचूद पाण्यात कालवला, निळं निळं पाणी टोपल्याएवढ्या घमेल्यात, आणि दिवसभर तेच काम. बा मेंढरू धरायचा, हे नळ्यानं पाजायचे, साहेब तोंड मिटून धरायचे. साहेबांची पांढरी शेरवानी निळी झाली. माझी थोरली रांगत त्या निळ्या चिखलात गेली आणि तीही निळी झाली. आणि कळपाच्या आडून, तोंडाला मुंडासं गुंडाळून, कोण आलं होतं? नागूमामा! साहेबांचं औषध हुंगून बघत होता. साहेबांनी त्याला जवळ बोलावून कालवायला लावलं. पुढं तो लोकांना पहिल्याच दिवशी दवाखान्यात धाडायचा आणि सांगायचा, म्या येळंवर पाठवलं म्हनून वाचलं. सांगू दे बापडा, खोटं नव्हतं.

दिवस कलताना मी खडू घेतला. भेंडवाडी. समदा कळप. पूज्य दिवस. तिसरा रकाना राहिला. बरं झालं लिहावं तर आजारी कुणी नव्हतं, मेलं तर मुळीच नाही. मी साहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, लिखो बेटी, खुशाल. मी लिहिलं, खुशाल. जमलेल्या माणसांनी वाचून बाला हाळी दिली आणि बाची मान अशी ताठ झाली, काय सांगू.

मग तो फाटकातून आत आला. आमच्या पायरीवर बसला. निळे हात घोंगड्याला पुसले, थोरलीला मांडीवर घेतलं.

"गिरजे, लय तान लागलीय."

फडताळातला तांब्या काढून भरला आणि अशी धावत आले की अर्धं पाणी दारापर्यंत सांडलं. बानं उरलेलं सगळं घटाघट पिलं. थोडं तळहातावर घेऊन पोरीच्या डोक्याला लावलं. मग माझ्याकडं बघत म्हणाला, नाव राख म्हनलं व्हतं तर माजंच आदी घालवलंस व्हय गं? आणि हसला. त्या क्षणी त्या दीड खोलीत माझं घर झालं. माहेर मागं राहिलं असं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

पुढं ह्यांची बदली हैदराबादला झाली. राज्य बदललं, फळे गेले, साहेबही गेले. इथं आता मोठमोठे दवाखाने, आणि आमची नातवंडं कुठं जायचं ते ठरवायच्या आधी दहा जणांना विचारतात. हा दवाखाना वाईट, ती शाळा चांगली, त्या दफ्तरात काम होत नाही. मी कोपऱ्यात बसून एकच विचारते, तिथं कोण जातं, आणि किती दिवसांनी जातं? पोरं म्हणतात, आजीचा चौथा रकाना सुरू झाला. होऊ दे. मला त्याशिवाय कुणाचं नाव खरं वाटत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही.

वाडी आता मला दिसते ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा. कुणी विचारतं, तुमचं घर कोणतं, वाडीतलं की इथलं? मला उत्तर देता येत नसे. गेल्या पंधरवड्यात देता आलं. सोपान, तुझं कार्ड आलं. त्यात सगळं मिळून दोन ओळी. 'अक्का, काल शेतात पायाला काटा लागला हाय. तुला आज कळवायलोय.' काटा! सत्तरीच्या माणसाला, आणि दीडशे कोसांवरच्या म्हाताऱ्या बहिणीला कार्ड! घरातले सगळे धावत आले, आजी अशी का हसतेय म्हणून. मी हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते, वेशीतल्या मायसारखी. घर दुसरं काय असतं रे? जिथं बारा दिवस थांबावं लागत नाही ते.

तुला उलट टपालानं लिहिलं तेच इथं लिहिते, म्हणजे तुझ्या सुनेलाही कळेल. भेंडवाडी, सोपान, एक दिवस. बरा होशील.